एका माणसाची ओळ

कालिंदी सबनीसनं स्टेन्सिलचा मेणकागद खिडकीच्या उजेडात धरला आणि आकड्यांवरून बोट सरकवत ती एकेक ओळ खाली येऊ लागली. वीज गेली होती. पंखा थांबल्यामुळे रस्त्यावरच्या ट्रामची घंटा अगदी खोलीत वाजल्यासारखी ऐकू येत होती. सायक्लोस्टाइलचं यंत्र हातानं फिरवायचं असल्यामुळे विजेवाचून काम अडणार नव्हतं. फक्त कालिंदीनं ‘ठीक आहे’ म्हणायचं, की अहवालाच्या प्रती निघायला लागणार होत्या.

शेवटून दुसऱ्या तक्त्यावर तिचं बोट थांबलं.

“चूक राहिली का?” टंकलेखिका नलिनीदींनी बांगलात विचारलं. त्यांना आपल्या टायपिंगचा भारी अभिमान होता.

“नाही, टायपिंग बरोबर आहे.”

टायपिंग खरोखरच बरोबर होतं. तक्ता भांडार विभागाचा होता. डावीकडे एकाखाली एक मातृभाषा: बांगला, हिंदी, ओडिया, मराठी. वर प्रश्न: माल न पाहता तो मिळाल्याची सही करायला वरिष्ठांनी तुम्हांला कधी सांगितलं आहे का? ‘हो’च्या रकान्यात बांगलापुढे रेघ, हिंदीपुढे रेघ, ओडियापुढे रेघ, म्हणजे कोणीच नाही. मराठीपुढे एक.

हा तक्ता तिनं स्वतः तयार केला होता, दोनदा तपासला होता, आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात खूश झाली होती. आज पहिल्यांदाच त्या एकाच्या जागी तिला माणूस दिसला. टक्कल पडायला लागलेला, शर्टाच्या बाहीवर शाईचा डाग असलेला.

बागची सरांच्या संस्थेनं हाती घेतलेलं काम तसं साधं होतं. कलकत्त्याजवळ बजबज गावात केंद्र सरकारचा पंप बनवण्याचा कारखाना होता. सरकारी कारखाने असे का चालतात, याबद्दल दिल्लीत बसून सगळे बोलत. तिथे काम करणाऱ्यांना मात्र कोणी विचारत नसे. सर म्हणाले, आपण विचारू. कामगारांच्या यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी माणसं निवडायची, कँटीनच्या मागच्या खोलीत एकेकाला बोलवायचं, प्रश्न विचारायचे. फॉर्मवर नाव घालायचं नाही. नाव नाही म्हणजे माणूस सापडायचा नाही, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. कालिंदीनं तर समोर बसणाऱ्या प्रत्येकाला तसा शब्द दिला होता. तो शब्द ती तीन भाषांत देऊ शकत असे.

सरांचे नियम थोडे होते, पण कडक होते. थोडी माणसं असलेल्या भाषा वेगळ्या दाखवायच्या नाहीत, सगळ्या ‘इतर’मध्ये ढकलायच्या, हा एक. आणि घरी बसून फॉर्म भरायचा नाही, हा दुसरा. या दुसऱ्या नियमाची संस्थेत एक हकीकतच होती. जयप्रकाश नावाच्या एका हुशार मुलानं मागे एका पाहणीत हावड्याच्या चहाच्या दुकानात बसून मनानंच फॉर्म भरले होते. सरांनी ते नुसते वाचून ओळखलं. “माणसं इतकी एकमेकांसारखी नसतात,” एवढंच ते म्हणाले. जयप्रकाशला त्या धंद्यात पुन्हा कुठे काम मिळालं नाही. तो आता बडाबाजारात कुणा व्यापाऱ्याच्या गादीवर बसतो असं ऐकिवात होतं. त्याचं नाव काढताना लोक अजून आवाज खाली आणत.

कालिंदीनं तो दुसरा नियम कधी मोडला नव्हता. मोडला होता तो पहिला, आणि तोही कौतुकापोटी.

पाहणी करणाऱ्या माणसांना एक खोड असते: वेगळं उत्तर मिळालं की त्यांना माणूस मिळाल्याहून जास्त आनंद होतो. बजबजच्या त्या खोलीत भांडारातला कारकून दिगंबर देब समोर येऊन बसला तेव्हा कालिंदीनं सवयीनं बांगलातच सुरुवात केली होती. वय विचारलं, शिक्षण विचारलं, मग मातृभाषा. ती आपल्या हातानं ‘बांगला’ लिहायलाच निघाली होती, तेवढ्यात तो म्हणाला, “तुम्ही सबनीस ना? महाराष्ट्रातली?”

मराठीत म्हणाला. कालिंदीची पेन्सिल थांबली.

“आम्ही देव,” तो म्हणाला. शब्द तो जरा शोधत होता. “आजोबा आले होते इकडे. शाळेत मास्तरनी देब लिहिलं, मग देबच राहिलं. आई होती तोपर्यंत घरात मराठी बोलत होतो. आता कोण बोलणार? बायको बंगाली, मुलं बंगाली. ऑफिसच्या कागदात पण बांगलाच आहे.”

“मग मी काय लिहू?”

“मराठी लिहा,” तो म्हणाला. “कुठेतरी लिहिलेलं असू दे.”

तिला भरून आलं होतं. तिचे वडील बँकेच्या बदलीनं कलकत्त्याला आले, इथेच राहिले, इथेच गेले. भवानीपूरच्या दोन खोल्यांत आता ती आणि आई. घराबाहेर मराठी बोलायला मिळायचं ते वर्षातून एकदा, मंडळाच्या गणपतीत. आणि इथे, बजबजच्या भांडारात, ग्रीसच्या वासात, एक माणूस तिच्याखातर आपली विसरत चाललेली भाषा वर काढून ठेवत होता. त्यामुळे असेल, पुढचे प्रश्न तिनं मराठीतच विचारले. आणि त्यामुळेच असेल, बाकीच्यांनी ‘नाही’ म्हणून उडवलेल्या त्या प्रश्नाला तो खरं बोलला.

“हो. सांगतात,” तो म्हणाला. “गाडी येतच नाही, कागद येतो. म्हणतात, सही कर. मी केली आहे सही. रात्री झोप नाही येत. हा गोष्ट लिहा. कोणीतरी लिहायला पाहिजे.”

तिनं लिहिलं. तक्ते करायची वेळ आली तेव्हा सर दिल्लीला गेले होते. मराठीला ‘इतर’मध्ये ढकलायला तिचा हात धजला नाही. एक ओळ तर जास्त, तिनं स्वतःला सांगितलं. तेवढ्यानं काय होतंय?

आता तिनं स्टेन्सिल नलिनीदींच्या हातात दिलं. “ही ओळ काढायची. मराठीची. शेवटी ‘इतर’ म्हणून घाला, दुसऱ्या विभागांतल्या अशा लोकांबरोबर एकत्र.”

“म्हणजे अख्खा तक्ता परत!”

“परत.”

पण नलिनीदी नवा कागद चढवायला लागल्या आणि कालिंदीला दुसरी गोष्ट आठवली. कारखान्यानं पाहणीला परवानगी दिली होती ती एका अटीवर: अहवालाचा कच्चा मसुदा आधी त्यांना दाखवायचा. तो मसुदा ती स्वतः गेल्या सोमवारी श्यामसुंदर राजाध्यक्षांच्या टेबलावर ठेवून आली होती. तिनं पर्स उचलली.

सियालदाहून बजबजची गाडी पकडेपर्यंत तिनं मनाशी बरंच काही ठरवलं. मसुद्यात चूक आहे म्हणायचं, परत मागायचा, हसतखेळत. राजाध्यक्षांनी वाचलाही नसेल. असल्या जाडजूड अहवालांमधले तक्ते कोण वाचतं? ज्याच्या हाती अहवाल पडतो तो प्रस्तावना चाळतो आणि शेवटच्या शिफारशी पाहतो. या विचारानं तिला बराच धीर आला. आपलं काम कोणी वाचू नये असं वाटण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

राजाध्यक्ष कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर. तीन वर्षांपूर्वी नागपूरहून बदलून आलेले, गोरेपान, बोलके. मंडळाच्या गणपतीत वर्गणीपासून प्रसादाच्या शिऱ्यापर्यंत सगळीकडे त्यांचा हात असे. तिचे वडील आजारी होते तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेलं होतं. पाहणीला परवानगी मिळाली तीही त्यांच्या शब्दावर. ती त्यांना काका म्हणे.

“ये ये, कालिंदी,” ते म्हणाले. “बरं झालं आलीस, तुला फोनच करणार होतो. तुझ्या सुहासिनीकाकूनं चिवडा दिलाय, बघ जरा. इकडच्या पोह्यांचा करते, पण जमतो तिला.”

मसुदा त्यांच्या टेबलावर होता. उघडा. शेवटून दुसऱ्या तक्त्यात पट्टी ठेवलेली होती.

“काका, त्यात एक चूक राहिली आहे. मी दुरुस्त करून परत आणून देते.”

“चूक कसली? सुंदर झालाय,” ते म्हणाले आणि त्यांनी चिवड्याचा डबा तिच्यापुढे सरकवला. “मी रात्री बसून वाचला सगळा. फक्त एक कळेना. भांडारात मराठी माणूस कोण?”

कालिंदीनं चिवड्याचे चार दाणे उचलले. ते हातातच राहिले.

“तीन वर्षं झाली मला इथे,” ते म्हणाले. “आपला एक माणूस खाली भांडारात बसतो आणि मला पत्ता नाही? मी सर्व्हिस बुकं मागवून पाहिली. बरेच बंगाली, बाकीचे बिहारी आणि ओडिया. मराठी कोणी नाही. तुला तर माहीत असणार. तू बोलली असशील त्याच्याशी.”

“काका, नावं सांगायची नाहीत असं आम्ही...”

“अगं, मी कुठे नाव विचारतोय! गणपतीला बोलावू त्याला.” ते हसले. मग हसू हळूहळू मावळलं आणि त्यांनी पट्टी उचलून पुन्हा त्याच ओळीखाली ठेवली. “हे बघ, तुझ्यापासून काय लपवायचं? हेड ऑफिसहून दोनदा फोन आलाय. मसुद्याची एक प्रत वर गेली, आणि वरच्यांनी नेमकं हेच पान वाचलं. त्यांचं म्हणणं, हा जो कोण आहे त्याला समोर आणा. त्याच्या सह्या काढा. त्यानं सही केली असेल तर दोष त्याचाच. येत्या सोमवारी भांडारातल्या एकेकाला बोलावून विचारायचं ठरलंय. घरी कोणती भाषा बोलता, आईवडील कुठले, सगळं. माणूस सापडेलच. तू सांगितलंस तर एवढा तमाशा होणार नाही, इतकंच.”

त्यांचा आवाज वाईट नव्हता. तेच कालिंदीला जास्त लागलं. ते घाबरलेले होते आणि त्यांना कोणी तरी एक माणूस हवा होता, आणि तो माणूस तिनं स्वतःच्या हातानं, स्वच्छ टाइप करून, वेगळ्या ओळीत काढून दिला होता. सोमवारी दिगंबरला समोर बसवून कोणी आईबद्दल विचारलं, तर तो खोटं बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या खोलीत तरी तो कुठे खोटं बोलला होता?

खिडकीखाली कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. तिनं हातातले दाणे डब्याच्या झाकणावर ठेवले.

“काका, असा कोणी माणूसच नाही.”

“म्हणजे?”

“तो फॉर्म मी घरी बसून भरला.” सुरुवात केल्यावर वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. “आई आजारी होती. इकडे यायला जमत नव्हतं, आणि काम संपवायचं होतं. मनानंच उत्तरं लिहिली. भाषेच्या ठिकाणी काय लिहावं कळेना, तर आपलीच लिहिली. सवयीनं.”

राजाध्यक्ष तिच्याकडे पाहत राहिले. ते मूर्ख नव्हते. माणसं ओळखण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तुझे वडील असते तर त्यांना काय वाटलं असतं?” ते म्हणाले. “आणि तो एकच भरलास?”

हा प्रश्न येईल असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आल्याबरोबर तिला त्याचा अर्थ कळला. नेमका अडचणीचा तो एकच फॉर्म खोटा निघाला, तर उद्या कोणीही म्हणेल की तोच खरा आहे आणि ती माणूस लपवते आहे. हेड ऑफिसचे लोक तर नक्कीच म्हणतील.

“भांडाराचे सगळेच,” ती म्हणाली.

राजाध्यक्षांनी खुर्चीत पाठ टेकली. त्यांच्या चेहऱ्यावर नेमकं काय आलं ते सांगणं कठीण. राग नव्हता, दुःखही नव्हतं. बराच वेळ उभं राहिलेल्या माणसाला बसायला मिळावं तसे ते दिसले.

“मग हा अहवाल काही उपयोगाचा राहिला नाही,” ते म्हणाले. “बागचींना मला कळवावं लागेल.”

“कळवा.”

“दोन ओळी लिहून दे. तुझ्याच भल्यासाठी. म्हणजे पुढे कोणाला काही शोधत बसायला नको.”

त्यांनी कागद दिला, स्वतःचं पेन टोपण काढून दिलं. तिनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल आणि सुटं. सही करताना तिला सरांचा चेहरा दिसला, आणि मग जयप्रकाशचा. आता आपलं नाव काढतानाही नलिनीदी आवाज खाली आणतील. रडू फुटेल असं वाटलं, पण कागदावर डाग पडेल म्हणून तिनं ते आवरलं.

“चहा घेऊन जा,” राजाध्यक्ष म्हणाले.

“नको, काका.”

“सोमवारचं ते मी रद्द करतो. उगाच माणसांना त्रास.” कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. टेबलाच्या खणात नाही, खिशात. “आईला जप.”

जिना उतरून ती अंगणात आली. ऊन कललं होतं. फाटकाच्या अलीकडे भांडाराची लांबलचक पत्र्याची शेड होती आणि तिच्या दारात दिगंबर उभा होता, बाहीवर तोच डाग किंवा दुसरा. तिला पाहून तो पायरी उतरून पुढे आला. मान खाली घालून निघून जावं असं तिला वाटलं, पण फाटक त्याच्या पलीकडे होतं.

“दीदी! आज परत?”

“थोडं काम होतं.”

त्यानं मागे वळून पाहिलं. आसपास कोणी नव्हतं. तरीही तो मराठीत बोलला. इथे मराठी म्हणजे कुजबुजण्यासारखंच होतं. “तो आपला गोष्ट. मी बोललो ते. लिहिलं ना तुम्ही?”

“लिहिलं.”

“मराठीच लिहिलं?”

“मराठीच लिहिलं.”

“पुस्तकात येणार?”

नाही म्हणायला हवं होतं. सांगायला हवं होतं की विसरून जा, ते गेलं, तू वाचलास, यापुढे कोणी काही विचारलं तर तू बंगाली. कालिंदीनं तोंड उघडलंही. पण तो इतक्या आशेनं पाहत होता, आणि ती इतकी थकली होती. आज एवढं खोटं बोलून झालं होतं. त्यात हे एक.

“आलं,” ती म्हणाली. “छापून झालं.”

त्यानं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. त्याचे खांदे जरा सरळ झाल्यासारखे वाटले. “आईला बरं वाटलं असतं,” तो म्हणाला.

तेवढ्यात फाटकातून एक ट्रक आत आला आणि शेडपाशी थांबला. मागे ताडपत्री घट्ट बांधलेली होती. ताडपत्रीखाली काही आहे की नाही ते सांगता येत नव्हतं. उंची फारशी नव्हती. ड्रायव्हरनं इंजिन बंदसुद्धा केलं नाही. खिडकीतून हात काढून त्यानं मालाचं चलन पुढे केलं, दर वेळी करत असणार तसं, न बघता.

दिगंबरनं चलन घेतलं. त्याचा दुसरा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पेन अर्धं बाहेर आलं. मग त्यानं कालिंदीकडे पाहिलं, आणि पेन परत खिशात सारलं.

“गाडी बंद कर,” तो बांगलात म्हणाला. ड्रायव्हरला ऐकू आलं नसावं, म्हणून तो पुन्हा म्हणाला, या वेळी इतक्या मोठ्यानं की शेडमधले दोघे-तिघे दारात आले. “गाडी बंद कर! ताडपत्री काढ. आधी माल दाखव, मग सही.”

इंजिन बंद झालं. एकदम शांत झालं, लोखंडाचा आवाजही कुठे नव्हता. कालिंदीनं मान वर केली. दुसऱ्या मजल्यावरची राजाध्यक्षांची खिडकी उघडी होती, आणि ते खिडकीत उभे राहून दिगंबरकडे पाहत होते.